घट्ट पाणी

बायकोला पाणी गिळता येत नाही हे कळलं, तेव्हा तो वॉर्डात तिच्या उशाशी पेला घेऊनच उभा होता. घशाची तपासणी करणाऱ्या बाईंनी तो पेला त्याच्या हातातून अलगद काढून घेतला. अर्धांगाच्या झटक्यात गेलेली एक बाजू हळूहळू परत येत होती, घसा मात्र सुस्त झाला होता. पाणी धावतं, घसा उशिरा जागा होतो आणि तेवढ्यात ते श्वासनळीत शिरतं, असं बाईंनी समजावलं. मऊ जेवण चालेल, साधं पाणी नाही. त्यात पावडर मिसळून ते घट्ट करायचं, म्हणजे सावकाश उतरेल.

मग बाईंनी सुई नसलेली सिरिंज घट्ट पाण्याने भरली, खालच्या तोंडावर धरलेलं बोट काढलं आणि घड्याळ बघत किती गळतं ते दाखवलं. त्या अवस्थेतही त्याच्या मनात आलं, अरे, हे तर आपलंच काम. रंगाच्या कारखान्यात त्याने जन्मभर हेच केलं होतं. तळाला भोक असलेल्या कपात रंग ओतायचा, धार सोडायची आणि ती तुटेपर्यंतचा वेळ मोजायचा. त्याआधीच तो रंगात काडी बुडवून वर उचलायचा आणि ओघळ बघून आकडा सांगून टाकायचा. म्हणून सगळे त्याला काडीमास्तर म्हणत. बायको म्हणायची, लोकांच्या काडीने आग लागते, आमच्या ह्यांच्या काडीने नुसता रंग ठिबकतो.

घरी आल्यावर पाण्याचं खातं त्याच्याकडे आलं. पावडर एकदम टाकली की वरून भिजते, आत कोरडी राहते आणि गुठळ्या होतात. तो आधी पाणी चमच्याने गरगर फिरवायचा, फिरत्या पाण्यावर चिमटीने पावडर भुरभुरायचा आणि मग थांबायचा. अशी मिश्रणं मागाहून घट्ट होत जातात, घाई केली की फसगत होते. त्याच्या पाण्यात कधी गुठळी सापडली नाही. बायकोने त्याबद्दल एकदाही शाबासकी दिली नाही.

"हे पाणी ओलं नाहीये," ती म्हणाली.

त्याने चाखून पाहिलं. खरंच नव्हतं. जिभेवर ठाण मांडून बसायचं आणि तहान होती तिथेच राहायची.

घरात दोघंच. तो स्वतः पाणी प्यायचा ते बाथरूमचं दार लोटून, नळ बारीक सोडून. तिला तरीही कळायचंच. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बोलणं कमी होत गेलं. एकाच खोलीत दोघं दोन गावांना राहिल्यासारखी झाली.

एकदा तिची मोठी जाऊ भेटायला आली. तो औषधं आणायला बाहेर गेला होता. जाऊबाईंना दया आली आणि त्यांनी तिला साधं पाणी पाजलं. तो परतला तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. पुन्हा हॉस्पिटल झालं. त्यातून ती वाचली, पण भीती घशात घर करून बसली. पेल्यात पाणी हललेलं दिसलं तरी घसा आवळायचा. मागायची पातळ आणि भ्यायची पातळालाच.

पुढच्या तपासणीत घसा बराच सुधारलेला दिसला. बाईंनी त्याला बाजूला घेतलं. पावडर थोडी थोडी कमी करत आणायची, मी तपासत राहीन, आतलं दिसू नये म्हणून झाकणाचा पेला वापरायचा, असं सगळं सांगितलं.

"आणि काका, काकूंना सांगू नका. कळलं की घाबरतील आणि घाबरल्या की ठसका लागेल. साध्या पाण्यावर आल्या की आपण दोघं मिळून सांगू."

तो कामाला लागला. चिमटीतले चार कण कमी, मग आणखी चार. जिभेला कळू नये, घशाला मात्र सवय लागावी. पाणी मोकळं होत चाललं होतं आणि तिची कुरकुर वाढत चालली होती. आयुष्यात कुठलीही गोष्ट त्याने आधी तिला सांगितली होती. कारखान्यातली, शेजारची, रस्त्यातली. आता सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती तिलाच सांगायची नव्हती. दुसरं तर कोणी नव्हतं.

एका दुपारी बाईंचा फोन आला. आता पावडर नको. ताठ बसवून, एकेक घोट. उद्या सकाळी मी येते, छाती ऐकते, मग सांगू.

त्याने साधं पाणी भरलं. तिला संशय नको म्हणून चमचा फिरवल्यासारखा वाजवला आणि नेहमीइतका थांबलाही. तिने औषध घ्यावं तसे डोळे मिटले आणि पेला तोंडाला लावला. तो तिच्या गळ्याकडे बघत राहिला. एक घोट उतरला. दुसरा उतरला. ठसका नाही. पेला रिकामा झाला.

तिने तोंड पुसलं आणि पेला त्याच्या हातात दिला.

"चिकट नुसतं. उद्या तरी जरा पातळ करा हो."

"करतो," तो म्हणाला. हसू दाबताना त्याचे खांदे हलले. ते तिने पाहिलं आणि रागाने आडवी होऊन कूस बदलली.

त्या झोपेतून ती उठली नाही. दुसरा झटका होता, मेंदूतलाच. छाती स्वच्छ होती, पाण्याचा थेंबही भलतीकडे गेला नव्हता, हे डॉक्टरांनी त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला असावा.

लोक भेटायला येतात. म्हणतात, तुम्ही तिच्यासाठी काही करायचं बाकी ठेवलं नाहीत. तो मान डोलावतो.

ते साधं पाणीच होतं, हे तिला सांगायचं राहिलं आहे.