टपरी बंद ठेवली त्या दिवशी

सहादूनं टपरीला फळी लावली, तसा पोलीस ठाण्याच्या फाटकातून हवालदार बाहेर आला आणि कोण गेलं म्हणून विचारू लागला.

"कोनी नाय गेलं," सहादू म्हणाला. "पोरीची परीक्षा हाय. यम्येची."

हवालदाराचं तरी काय चुकलं? दोन हजार तीन साल ते. कोर्टाच्या तारखा सोडल्या, तर बावीस वर्षांत ही टपरी एक दिवस बंद नव्हती. निकिता जन्मली तेव्हा निरोपही टपरीवरच आला होता. स्टोव्हला सहादू दुसऱ्याचा हात लावू देत नसे. आलं किती आणि गवती चहा किती, हे नाशकात आपल्या एकट्यालाच कळतं, असं तो बिनदिक्कत सांगायचा.

त्याहून मोठा तोरा होता तो पंच असल्याचा. पोलिसांनी चोरीचा माल नाहीतर हत्यार शोधून काढलं, की ते आपल्या डोळ्यांदेखत निघालं असं सांगणारा बाहेरचा माणूस लागतो. त्यानं जागेवर हजर राहायचं, कागदावर सही करायची आणि पुढं कोर्टात साक्ष द्यायची. अशा एकतीस कागदांवर सहादूची सही होती. दिंडोरीच्या द्राक्षबागेत पुरलेले दागिने, देवळालीच्या विहिरीतला कोयता, त्र्यंबकच्या धर्मशाळेतली पितळी भांडी, हे सगळं तो असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याचा चहा निवून जाई. गिऱ्हाइकंही 'पंच, दोन कटिंग' अशीच हाक मारत.

निकिता हे ऐकतच वाढली. बी.ए. झाल्यावर पोरीनं गुन्हेगारीशास्त्र घेतलं, तेव्हा भाऊबंदांनी नाकं मुरडली. पोरीच्या जातीला चोर-दरोडेखोरांचं शिक्षण कशाला, उद्या पदरात कोण घेईल? सहादूनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, पंचाची पोर हाय, दुसरं काय शिकंल.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. निकितानं पंच हाच विषय ठरवला आणि बापालाच समोर बसवलं. आठ रविवार, संध्याकाळी टपरी आवरून आला की ती एकेक केस विचारायची. किती वाजता, कशानं गेलात, बरोबर कोण होतं. पोटच्या पोरीपासून काय लपवायचं? सहादूनं होतं तसं सगळं सांगितलं. त्या दिवसांत त्याची छाती इतकी फुगली होती की विचारू नका. शेवटच्या रविवारी मात्र निकिता जेवली नाही.

पुढं नावावरून बिनसलं. माझं नाव कुठल्या पानावर घातलंस, असं त्यानं हौसेनं विचारलं. संशोधनात नावं घालत नाहीत, असं ती म्हणाली. बरं, सुरुवातीला आईबापाचे आभार मानतात म्हणे, तिथं तरी? तिथंही नाही. सहादू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. चहावाल्याचं नाव साहेबलोकांच्या पुस्तकात कसं शोभंल, असं बायकोला म्हणाला. नवसाबाईनं त्याला समजावलं की पोर गुणाची आहे, काहीतरी असेल तिच्या मनात. तरी ते त्याला लागलंच. पण लेकीवर रुसून रुसून किती रुसणार? तोंडी परीक्षेचा दिवस ठरल्यावर तो नवी किटली घेऊन आला. परीक्षा घेणाऱ्या साहेबांना चहा माझ्या हातचा, असं त्यानं जाहीर करून टाकलं. निकिता नको नको म्हणत राहिली.

कॉलेजात बाहेरगावचे परीक्षक प्रबंधाची पानं उलटत बसले होते. शेजारी निकिताला शिकवणाऱ्या बाई होत्या. शिपायानं सहादूला आत सोडलं आणि तो कोपऱ्यात पेले मांडू लागला. निकितानं त्याच्याकडं बघितलं नाही.

"काम चांगलं आहे," परीक्षक म्हणाले, "पण सगळा डोलारा एका माणसावर उभा आहे. तुमचा हा पंच क्रमांक एक. एकतीस पंचनाम्यांवर याची सही, आणि तुम्ही लिहिता की हा एकाही जागेवर गेलाच नाही. कागद तयार होऊन त्याच्यापुढं सहीला येत. या कागदांवरून नऊ जणांनी शिक्षा भोगली आहे. एवढी मोठी गोष्ट तुम्हाला सांगितली कुणी?"

"त्यांनीच, सर."

"नाव?"

"नाव देणार नाही."

परीक्षकांनी चष्मा काढला. नाव नाही, गाव नाही, मग असा माणूस आहे कशावरून? उद्या कुणीही म्हणेल की पोरीनं घरबसल्या रचला. असा प्रबंध आपल्याला नाकारावा लागेल आणि तिची दोन वर्षं पाण्यात जातील, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाईंनीही तिला हळूच विनवलं, नुसतं नाव तर सांग.

"जाऊ देत वर्षं," निकिता म्हणाली.

किटली धरलेला सहादूचा हात थांबला. एकतीस हा आकडा त्याला पाठ होता. नऊ त्यानं आज पहिल्यांदा ऐकला. साहेबांना घाई असते, आपण सरकारला मदत करतो, यापलीकडं त्यानं कधी विचारच केला नव्हता. पुस्तकात आपलं नाव का नाही, तेही त्याला आत्ता कळलं.

निकिता मान ताठ ठेवून बसली होती. एवढ्या मोठ्या साहेबापुढं पोर तसूभर हलली नाही. कुणाच्या बागेत किती दागिने निघाले ते सांगताना सहादूची छाती कधी एवढी भरून आली नव्हती. त्यानं किटली टेबलावर ठेवली, पंच्याला हात पुसले आणि पुढं झाला.

"साहेब, त्यो पंच मी. सहादू पुंजा पेखळे, हिचा बाप. ल्ह्या नाव," तो म्हणाला. "आन् पुरावा म्हनून हेबी ल्हून घ्या. कोर्टाच्या तारखा सोडल्या, तर बावीस वर्षांत आजपातुर माझी टपरी एक दिवस बंद नव्हती."