झडपेवरचा रंग

अणुभट्टी देखभालीसाठी बंद होती. तपासणीला मी गेले, तर प्रकल्पप्रमुख म्हणून समोर माझेच धाकटे दीर. "वहिनी, भट्टी बंद आहे. आणीबाणीच्या पाण्याची काय गरज?" "चूल विझली तरी निखारे धगधगतात, भावजी. पाणी थांबलं तर बंद भट्टीही वितळते." त्या पाण्याची झडप दर महिन्याला फिरवून बघतो, असं त्यांनी छातीठोकपणे सांगितलं. मी झडपेच्या चाकाला दोन्ही हातांनी जोर लावला. ते ढिम्म हललं नाही. चाक आणि दांडा पिवळ्या रंगाच्या थरांखाली एकजीव झाले होते. वर्षानुवर्षं नेमाने आला होता तो फक्त रंगारी! नात्याची भीड न ठेवता मी कडक ताशेरे ओढले. महिन्याभराने भावजींचा फोन आला. "वहिनी, तुमचा शब्द खाली पडू दिला नाही. कारवाई केली." "झडप फिरते?" "झडपेचं बघू. रंगाऱ्याला काढून टाकलं."