दाद द्यायची जागा

नातीने दोन लाकडी फळ्या एकमेकींवर आपटल्या आणि बॅटने चेंडू टोलावल्याचा आवाज हॉलभर झाला. तिच्या अमेरिकन शाळेच्या बँडने बेसबॉलवरची धून बसवली होती. टोल्यामागून बासऱ्या चढत गेल्या, चेंडू मैदानाचे दिवे ओलांडून पार अंधारात जावा तशा. आबांची मान डोलली आणि तोंडून निघूनच गेलं, "वाऽऽ!"

पुढच्या रांगेतली डोकी वळली. लेकीने त्यांचा गुडघा दाबला. "आबा, इथे मध्येच दाद नाही द्यायची."

शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. आबांनीही वाजवल्या, पण दाद द्यायची जागा केव्हाच निघून गेली होती.

गाडीत नातीने विचारलं, "आबा, मध्येच 'वाऽऽ' कोण ओरडलं?"

खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "असेल कुणीतरी आपल्याकडचं."