तिसरा दिवस

विमानातून उतरून तिसरा दिवस, तरी पोरांची झोप जाग्यावर येईना. दिवसा झोपली तर रात्रभर जागवतील, म्हणून डोळा लागला की गदागदा हलवून मी त्यांना शहर दाखवत होतो. सकाळी हॉटेलच्या खोलीची चावी सापडेना. सहा वर्षांच्या थोरलीला दोन सणसणीत ठेवून दिल्या, तेव्हा कुठे "मीच हरवली" म्हणाली.

किल्ल्याच्या तळघरात गाइड सांगत होता, "इथे कैद्याला झोपू द्यायचे नाहीत. डुलकी लागली की थोबाडीत. तिसऱ्या दिवशी माणूस न केलेला गुन्हाही कबूल करायचा."

मी कोटाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, तशी चावी खणकन फरशीवर पडली.



भिंतीला टेकून पेंगणारी थोरली दचकली आणि गालावर हात धरून म्हणाली, "हो बाबा, मीच हरवली."