मधली गोधडी

खाट एकच होती आन् लेकरं दोन.

हेमाच्या सहा वर्षाच्या पोरीला, उत्तराला, सरपण काढताना लाल विंचू चावला. चुडाव्याहून नवऱ्याच्या गाडीवर दवाखान्यात आणेपर्यंत पोर घामानं निथळायली, हातपाय गारठलेले. त्याच खाटेवर शेजारी बायनाबाई नावाच्या म्हातारीचा नातू पडलेला. तापानं फणफणलेला, अंगभर गोवर.

हेमाच्या कानाला फडकं बांधलेलं. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडू नये म्हणतात. पण पोरीला विंचू चावल्यावर कुणाचा सव्वा महिना? तान्हं सासूजवळ टाकून ती तशीच निघाली होती.

तिनं बरोबरची गोधडी गुंडाळली आन् दोन लेकरांच्या मधी घातली.

"बांध घालायलीस काय गं?" बायनाबाई हसली. "वावर वाटून घ्यायचंय?"

"मावशी, घरी तान्हं हाय माझं. हे दुखणं मी घरी नेलं तर?"

बायनाबाईनं तिच्या कानाचं फडकं बघितलं, दुधानं भिजलेलं पोलकं बघितलं. नातवाला उचललं, पार दारापाशी नेलं आन् अंगावरची शाल हातरून फरशीवर निजवलं.

राहू द्या म्हणायचं हेमाच्या ओठावर आलं होतं. पण ते ओठावरच राहिलं.

डॉक्टर आला. सुई झाली, सलाईन लागलं, नाकाला नळी लागली. हेमा पोरीच्या कपाळावरचा घाम पुसायची, की तान्हं डोळ्यापुढं यायचं. मग उठून नळावर जायची, कोपरापर्यंत हात धुवायची. पुन्हा येऊन घाम पुसायची. पुन्हा नळावर.

"आई, कुठं चाललीस?" उत्तरानं बारीक आवाजात विचारलं.

"इथंच हाय गं. हात धुवून आले."

ती हात धुवून आली, तर पोरीची छाती हलत नव्हती आन् डॉक्टर तिच्या नाकाची नळी काढायलता.

बायनाबाई उठली. चार पावलं पुढं आली आन् मधीच थबकली.

"जवळ येऊ का गं, लेकी?"

हेमाच्या हातातून पाणी ठिबकत होतं. तिनं उत्तराला उचलून मांडीवर घेतलं. मग एका हातानं ती गुंडाळलेली गोधडी सोडली आन् मोकळ्या खाटेवर नीट हातरली.

"पोराला वर घ्या, मावशी," ती म्हणली. "फरशी लय गार हाय."