लाल दोरा

"धाकटा मी!" याक्सानं टेबलावर मूठ आपटली. बीअरचा पेला कलंडला.

"आधी ती दाढी बघ तुझी. आजोबा शोभतोस," दोबेक म्हणाला. "धाकटा मी!"

आमच्या ड्यूकना पुरून महिनाही झाला नव्हता आणि त्यांचे हे जुळे मुलगे असे भांडत होते. बाकीच्या राज्यांत थोरलेपणासाठी तलवारी निघतात. आमच्याकडे सगळंच उलटं. इथं सगळे मुलगे वारस, आणि रीत अशी की थोरल्यानं राज्याचे वाटे करायचे, धाकट्यानं त्यातला हवा तो उचलायचा. उरेल तो थोरल्याचा. मग सांगा, थोरलं व्हायची हौस कुणाला असणार?

त्यात लिपोव्हची तळी. एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात उतरतं, दुसऱ्याचं तिसऱ्यात, म्हणून ती तोडता येत नाहीत. सगळी एकाच वाट्यात जाणार. काठानं लिंडनची झाडं. ती फुलली की पाण्यालासुद्धा मधाचा वास येतो आणि माणूस चालता चालता डुलकी घेतो. दोघे भाऊ तिथंच रांगले, तिथंच वाढले. गड कुणाला, शहर कुणाला, याचं त्यांना फारसं काही नव्हतं. तळी मात्र दोघांनाही हवी होती.

थोरला कोण हे ठाऊक असलं तर एकट्या आईला, युडिताला. सुईणीनं आधी जन्मलेल्याच्या मनगटाला लाल दोरा बांधला होता, एवढं सगळ्या मुलखाला माहीत होतं. पण सुईण कधीच गेली, आणि तो दोरा युडिताच्या लाकडी डबीत होता.

"आईसाहेब," बिशप म्हणाले, "संताच्या अस्थींवर हात ठेवा आणि एकदाचं सांगून टाका."

युडितानं मुलांच्या कमरेकडे पाहिलं. दोघांचेही हात तलवारीच्या मुठीवर. तिच्या माहेरीही अशीच वाटणी झाली होती. वाटणीनंतर तिच्या काकानं तिच्या वडिलांचे डोळे काढले होते. लहानपणी रोज तीच त्यांना हाताला धरून जेवायला आणायची.

"शपथेवर सांगेन," ती म्हणाली. "पण आधी वाटे करा. दोघांनी मिळून. सीमा आखून या, मग विचारा."

"दोघांनी कशाला?" याक्सा फुरंगटला.

"कारण थोरला कोण हे तुम्हाला ठाऊक नाही, बाळांनो. लबाडी केलीत, तर ती कुणाच्या पानात पडेल सांगता येत नाही."

दोघे निघाले. सोबत कुऱ्हाडी, राय धान्याचे पाव, खारवलेलं मांस. वाटेत एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. एकानं झाडावर क्रूस कोरायचा, दुसऱ्यानं मातीचा ढीग रचायचा, की झाली सीमा. सकाळी धुकं इतकं दाट असायचं की घोड्यांचे पाय दिसायचे नाहीत. दोघं हवेतून तरंगत चाललेत असंच वाटायचं. याक्सानं एक गिरणी सीमेच्या अलीकडे घेतली, मग जरा विचार करून पलीकडे सरकवली. दोबेकनं तसंच एका गावाचं केलं. सीमा वेडीवाकडी होत गेली, पण कुणी हरकत घेतली नाही.

तळ्यांपाशी पोचले तेव्हा लिंडन फुलले होते.

"इथं बुडत होतास तू," याक्सा म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द फुटला. "मी केस धरून ओढलं होतं तुला."

"डोकं अजून दुखतंय," दोबेक म्हणाला. मग दोघेही हसत सुटले.

ते तिथंच गवतात झोपले. पहाटे दोबेकला जाग आली. याक्सा गुडघाभर पाण्यात उभा होता. कार्प मासे त्याच्या पायांना ढुशा देत होते, आणि एवढ्या दाढीतूनही त्याचा चेहरा पाच वर्षांच्या पोरासारखा दिसत होता. दोबेकनं हाक मारली नाही. डोळे मिटून पडून राहिला आणि वडील गायचे ती जुनी चाल गुणगुणायला लागला. पाण्यातला याक्सा मागं न वळता, हलायचंही विसरून, ती शेवटपर्यंत ऐकत राहिला.

कापणी सुरू झाली तेव्हा ते गडावर परतले. सगळा दरबार जमला होता. युडिता डबी मांडीवर घेऊन बसली होती.

"आता सांगा, आईसाहेब," बिशप म्हणाले.

"विचारायचं काय त्यात?" याक्सा पुढं आला. "थोरला मीच. तळी त्याला घेऊ दे."

"वा रे शहाणा!" दोबेक उसळला. "थोरला मी. तळी तुझी!"

"थोरल्या भावाला उलट बोलतोस? लाज नाही वाटत?"

"थोरला कोण? तू? अरे, नाक पुसायला शिक आधी!"

बिशपनी कपाळाला हात लावला. "महिन्याभरापूर्वी दोघेही धाकटे होते, आता दोघेही थोरले! आईसाहेब, तुम्हीच सोडवा. दोरा कुणाच्या मनगटाला होता?"

युडिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तिनं डबी उघडली. विटलेला लाल दोरा टेबलावर ठेवला, आणि दुसरा हात संताच्या अस्थींवर.

"शपथेवर सांगते, मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "सुईणीचा डोळा लागला तशी मी दोरा सोडला, डोळे घट्ट मिटले, आणि पाळण्यातल्या दोघांची अदलाबदल करत राहिले, कोण कुठला ते माझं मलाच कळेनासं होईपर्यंत."