मशीनजवळ कोणीच नाही

साहेब, चौकशीच्या कागदावर तुम्ही धडधडीत खोटं लिहिलंत : ‘अपघाताआधीच्या फोटोत मशीनजवळ कोणीच नाही, म्हणजे मयत काम सोडून भटकत होता.’

तो मयत म्हणजे माझा दादा, आणि तो फोटो त्याच्याच कॅमेऱ्यातला. पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडून त्याने तो कॅमेरा केला होता आणि त्या सकाळी कारखान्यातल्या फळीवर ठेवला होता. डबा हलला का, फटीतून उजेड शिरला का, मी सगळं तपासलं. खोट सापडली नाही. मग घरी आमचे फोटो काढताना तो काय म्हणायचा ते आठवलं.

“दहा मिनिटं दगड व्हा रे. हललात की गायब.”

मशीनवर काम करताना दादा दहा सेकंद तरी न हलता राहायचा का?



आणि ‘मी मशीन तपासत फिरत होतो’ असा जबाब देणारा तुमचा मुकादम त्याच फोटोत, खुर्चीत, मिशीच्या टोकापर्यंत स्पष्ट कसा आला? उत्तर द्या.